तापाचा माग: उंदरांपासून आलेल्या साथीचं मूळ शोधण्याची कृती

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या कुठल्याही दवाखान्यात जा, तापाचे रुग्ण बाकांवर दाटीवाटीने बसलेले असतात. कुणी चार दिवसांपूर्वी पंढरपूरहून परतलेला वारकरी, कुणी सुट्टी संपवून उत्तर प्रदेशातून आलेला एमआयडीसीतला कामगार, कुणी मासेमारी बंद झाल्यामुळे गुजरातच्या बोटीवरून घरी आलेला खलाशी, कुणी नुकताच आवणीच्या चिखलातून वर आलेला शेतकरी. एकाच ताफ्यातले सात-आठ जण तापाने पडले की लगेच एक वाक्य ऐकू येतं, "बाहेरून आणलाय." रुग्ण परप्रांतीय कामगार असेल तर "गावाहून आणलाय." तपास सुरू होण्याआधीच निकाल लागतो, आणि खरं मूळ, म्हणजे एखादं गोदाम, एखादा ओढा, एखादी चाळ, तसंच मोकळं राहून पुढच्या ताफ्याची वाट पाहतं.

ही कृती आशाताई, आरोग्य सेवक-सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांच्यासाठी आहे. दिंडीचालक, कामगार ठेकेदार आणि केळव्यापासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर पाहुणे ठेवणारे यांच्यासाठीही आहे, कारण त्यांच्या मदतीशिवाय ती अर्धीच राहते.

आधी रोगांची ओळख करून घेऊ. आपल्याकडे उंदरांशी जोडलेला पावसाळी ताप म्हणजे प्रामुख्याने लेप्टो. तो जीवाणूंमुळे होतो. उंदीर-घुशींच्या, आणि गुरं, कुत्री, डुकरं यांच्याही मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात-चिखलात येतात आणि जखमेतून, भेगाळलेल्या पायांतून, डोळ्या-तोंडातून माणसात शिरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. दुसरा रोग हंटा, हा विषाणूंचा. उंदरांचं मूत आणि लेंड्या वाळतात, त्यांची धूळ उडते आणि ती श्वासात जाते. भारतात हंटाचे रुग्ण क्वचितच नोंदले गेले आहेत, पण तमिळनाडूतल्या अभ्यासांत माणसांच्या रक्तात त्याच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या आहेत. या कुळातला थोट्टपलायम विषाणू तर 1964 मध्ये वेल्लोरलाच एका चिचुंदरीत सापडला होता. लेप्टोचा धोका ओल्यात आणि हंटाचा कोरड्यात, एवढं मनात पक्कं ठेवा. पुढचे सगळे प्रश्न त्यावर उभे आहेत.

घाईने काढलेल्या निष्कर्षांची किंमत आपल्या राज्याने मोजलेली आहे. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढची वर्षं सरकारने रेल्वे स्थानकांवर प्रवासी तपासले, घरं उघडी पाडली, माणसांना छावण्यांत नेलं. उंदीर पडतात आणि मागोमाग माणसं पडतात, हे लोक पाहत होते. पण उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवलं ते 1898 मध्ये, आणि सर्वमान्य व्हायला त्यानंतरही काही वर्षं गेली. 1994 मध्ये ऑगस्टला बीडच्या मामला गावात आणि सप्टेंबरला सुरतेत प्लेगची बातमी आली, तेव्हा लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यांच्यातल्या मुंबईकडे निघालेल्यांच्या गाड्या डहाणू, बोईसर, पालघरवरूनच गेल्या. बीडच्या मजुरांनी रोग सुरतेला नेला असं तेव्हा सहज बोललं गेलं, पण त्याचा निर्णायक पुरावा पुढे आला नाही.

आता कृती. समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत धरतो. बोईसर परिसरातली 46 जणांची दिंडी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालली. एकादशी 6 जुलैला झाली. मंडळी 8 जुलैला घरी परतली आणि दुसऱ्या दिवसापासून बरेच जण आवणीला उतरले. 9 ते 17 जुलैच्या दरम्यान त्यातल्या आठ जणांना ताप आला.

पहिलं काम: उपचार, रक्त आणि खबर

मूळ शोधायचं म्हणून उपचार थांबवायचे नाहीत. लेप्टोचा दाट संशय आला की डॉक्टर अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करतात, कारण उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसं धोक्यात येतात. पोटऱ्या असह्य दुखणं, पू नसताना डोळे लाल होणं, डोळे-लघवी पिवळी होणं, लघवी कमी होणं, खोकल्यातून रक्त पडणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर 108 ची गाडी बोलवून रुग्णाला ग्रामीण रुग्णालयात हलवा. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस हेही याच दिवसांत असतात, त्यांच्या तपासण्या बरोबरच होऊ द्या.

शक्य असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त घ्या. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतात, तेव्हा पीसीआर उपयोगी पडते. आयजीएम एलायझा साधारण पाचव्या-सहाव्या दिवसानंतर भरवशाची होते. म्हणून तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली एलायझा निगेटिव्ह आली तर "लेप्टो नाही" असं कुणालाही सांगू नका. दहा ते चौदा दिवसांनी दुसरा नमुना घ्यायचाच. पहिल्या आणि दुसऱ्या नमुन्यात प्रतिद्रव्यांचं प्रमाण चौपट वाढलेलं दिसलं तर निदान पक्कं. रक्तद्रव 2 ते 8 अंशांत, तिहेरी वेष्टनात पाठवायचं आणि नळीवर नाव, वय, ताप आल्याची तारीख व नमुना घेतल्याची तारीख लिहायची. ताप आल्याची तारीख नसेल तर प्रयोगशाळेला अहवालाचा अर्थ लावता येत नाही, आणि नेमकी तीच तारीख बऱ्याचदा राहून जाते. विषाणूचा संशय असेल तर नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातात, पण ते सरकारी वाटेने, जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांमार्फत.

खबर त्याच दिवशी द्यायची. आशाताईंनी उपकेंद्राला, डॉक्टरांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात गावपातळीवर लक्षणांवरून, डॉक्टरांकडून निदानावरून आणि प्रयोगशाळेकडून तपासणीवरून अशी तिहेरी नोंद होते. खासगी दवाखान्यांनीही ती द्यायची असते. बोईसरमध्ये तापाचे कित्येक रुग्ण आधी खासगी डॉक्टरकडेच जातात, त्यामुळे त्यांच्या नोंदीशिवाय साथ कागदावर दिसतच नाही.

रुग्ण कुणाला म्हणायचं

मोजायला बसण्याआधी व्याख्या लिहून काढा, नाहीतर रोज यादी बदलते. आपल्या दिंडीसाठी ती अशी: "दिंडीत किमान एक रात्र राहिलेली व्यक्ती, जिला 20 जून ते 7 ऑगस्ट या काळात ताप आला आणि सोबत तीव्र अंगदुखी, लाल डोळे, कावीळ, लघवी कमी होणं किंवा धाप यांपैकी एक तरी लक्षण होतं." ही संशयित रुग्णाची व्याख्या. एलायझा पॉझिटिव्ह आली की संभाव्य, पीसीआरने किंवा जोड-नमुन्यांनी सिद्ध झालं की निश्चित. 7 ऑगस्ट का, तर लेप्टोचा ताप संसर्गानंतर दोन ते तीस दिवसांत येतो, आणि मंडळी 8 जुलैला परतली. हंटाचा संशय असेल तर ही मुदत आठ आठवड्यांपर्यंत ताणावी लागेल. व्याख्येत "गोदामात झोपलेला" असं मात्र कधीही घालू नका. ज्या गोष्टीचा शोध घ्यायचा ती व्याख्येतच घातली तर उत्तर आधीच ठरून जातं.

यादी

एका मोठ्या वहीत आडव्या ओळीला एक माणूस. नाव, वय, स्त्री-पुरुष, गाव-पाडा, फोन, व्यवसाय, ताप आल्याची तारीख, लक्षणं, दवाखाना, नमुन्याची तारीख, अहवाल, पुढे काय झालं. त्यापुढे दर रात्रीचा एक रकाना: कुठे झोपला. मोबाइलवरची तक्ता-शीट असेल तर उत्तम, नसेल तर वही पुरते. यादीत आजारी नसलेलेही सगळे घ्यायचे, पूर्ण 46. हे सांगावं लागतं, कारण प्रत्यक्षात आजारी लोकांचीच यादी होते आणि मग तुलना करायला हाताशी काहीच राहत नाही.

मुलाखत: सगळ्यात महत्त्वाचं काम

"कुठे गेला होतात?" या प्रश्नाला "पंढरपूरला" एवढंच उत्तर मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. माणसाला तारखा आठवत नाहीत, प्रसंग आठवतात, म्हणून प्रसंगाला धरून विचारा.

"मावशी, नीरा स्नानाच्या दिवशी पाऊस होता का?"

"होता की. ओलंच होतो सगळे."

"त्या रात्री अंग कुठे टाकलंत?"

"तंबूत. त्याच्या पुढल्या मुक्कामाला तंबूत पाणी शिरलं, म्हणून आमच्या काही जणांना गोदामात नेलं. पोती होती तिथं."

"गोदामात शिरताना चप्पल होती पायात?"

"कुठली चप्पल! चिखलात तुटली होती. ओढ्यातनंच गेलो गुडघाभर."

"पायाला काही लागलं होतं?"

"फोड आले होते चालून. फुटलेले."

चार प्रश्नांत जागा, पाणी, अनवाणी पाय आणि जखम हाती आली. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, बाजीरावाच्या विहिरीजवळचं रिंगण, वाखरीचा मुक्काम, एकादशी या खुणांना टेकवत एकेक रात्र मागे जायचं. खलाशी असेल तर बोट कुठल्या बंदरात कधी लागली, बर्फ कधी भरला, बोटीच्या खणात कोण झोपायचं. कामगार असेल तर पगाराचा दिवस, शिफ्ट बदलल्याचा दिवस, गाडीत बसल्याचा दिवस. वीटभट्टीवरून परतलेलं जव्हार-मोखाड्याचं कुटुंब असेल तर भट्टी कधी विझली, झोपडी कधी उतरवली, घरी येऊन बंद घर कुणी झाडलं. हा शेवटचा प्रश्न कोरड्या धोक्याचा आहे. सहा महिने बंद राहिलेलं घर, त्यात उंदरांनी केलेली घरटी आणि दार उघडताच हाती घेतलेला केरसुणीचा फटका.

ओल्याचे प्रश्न: साचलेल्या पाण्यातून चाललात का, ओढ्या-तळ्यात आंघोळ केलीत का, चिखलात काम केलंत का, पिण्याचं पाणी कुठलं, भांडी कुठे धुतली, गुरांजवळ गेलात का. कोरड्याचे प्रश्न: बंद खोली, गोदाम, माळा, शाळेची अडगळीची खोली उघडलीत का, कुणी झाडली, अंथरूण कुठून आलं, उंदीर दिसले का, लेंड्या दिसल्या का, मेलेला उंदीर कुणी उचलला. दोन्ही बाजू प्रत्येकाला विचारायच्या, आजारी असो वा नसो, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. आजारी माणसाला खोदून विचारायचं आणि निरोग्याला वरवर, असं झालं की तुलना खोटी पडते.

एक विनंती कामगारांच्या बाबतीत. ठेकेदार समोर उभा असताना मुलाखत घेऊ नका. खोलीत किती जण राहतात, पाणी कुठून भरतात, गटार कुठे तुंबलंय हे तो माणूस ठेकेदारासमोर सांगणार नाही. हिंदी, ओडिया, भोजपुरी बोलणारा सहकारी सोबत असेल तर अर्धं काम तिथेच होतं. आणि त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की ही चौकशी त्याला गावी पाठवण्यासाठी नाही.

तारखा मागे मोजा

आपल्या उदाहरणात ताप आल्याच्या तारखा अशा: जुलै 9, 10, 10, 11, 11, 12, 13 आणि 17. कागदावर आडवी रेघ मारा, दिवस लिहा आणि प्रत्येक रुग्णासाठी एक चौकोन रचा. सात चौकोन एका ढिगात बसतात, आठवा चार दिवस लांब पडतो. असा घट्ट ढीग दिसला की सगळ्यांना एकाच सुमारास, एकाच जागी लागण झाली असण्याची शक्यता मोठी. ठिबकत, आठवडे लांबत जाणारे रुग्ण दिसले तर मूळ अजून चालू आहे किंवा अनेक आहेत.

आता मागे जायचं. लेप्टोत लागण ते ताप हे अंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांचं, सरासरी दहाच्या आसपास. मधला रुग्ण 11 जुलैचा. त्यातून दहा वजा केले की 1 जुलै येतो, चौदा केले की 27 जून, पाच केले की 6 जुलै. म्हणजे 27 जून ते 6 जुलै या रात्रींवर नजर रोखायची. हे सगळे वारीतले मुक्काम आहेत.

आता "आवणीत लागला असेल" हा तर्क तपासा. मंडळी 9 जुलैला शेतात उतरली. 9 आणि 10 जुलैला ताप आलेल्यांना शेतातून लागण होणं शक्यच नाही, कमीत कमी दोन दिवस जावे लागतात. 11 ते 13 च्या रुग्णांबाबत ते अशक्य नाही, पण सगळ्यांचा काळ इतका आखूड असणं फार कठीण. 17 जुलैचा रुग्ण मात्र खरोखरच आवणीतला असू शकतो. त्याला ढिगातून वेगळा ठेवा, सोडून देऊ नका.

हीच मोजणी कामगारावरच्या आरोपाला लावा. जो माणूस दोन महिने बोईसर सोडून कुठे गेलाच नाही, त्याने लेप्टो गावाहून आणलेला नाही. तीस दिवसांची कमाल मुदत उलटून गेलेली असते. त्याचं मूळ त्याच्या चाळीत, त्याच्या कारखान्याच्या आवारात किंवा कामाच्या वाटेवर आहे, आणि ते शोधायची जबाबदारी इथल्या यंत्रणेची आहे. उलट, पाच दिवसांपूर्वी गाडीतून उतरलेल्याची लागण इथली की तिथली, हे तारखेवरून ठरत नाही. तिथे मुलाखतच लागते. या साध्या वजाबाकीने कित्येकांवरचा ठपका पुसला जाईल, आणि म्हणूनच तारीख अचूक लिहिण्याबद्दल मी इतका आग्रही आहे.

न आजारी पडलेल्यांकडे जा

उदाहरणातली गोष्ट मुलाखतींतून अशी निघाली: त्या पावसाच्या रात्री 46 पैकी 18 जण गोदामात झोपले, 28 जण गावातल्या सभागृहात. गोदामातल्या 18 पैकी 7 आजारी, म्हणजे शेकडा 39. सभागृहातल्या 28 पैकी 1, म्हणजे शेकडा 4 पेक्षा कमी. गोदामातल्यांना धोका सुमारे 11 पट. आणि सभागृहातला तो एक म्हणजे 17 जुलैचा आवणीवाला.

खऱ्या साथीत आकडे इतके स्वच्छ येत नाहीत. कुणी मध्यरात्री गोदामातून सभागृहात गेलेला असतो, कुणाला आठवत नसतं. तरी पद्धत हीच. पण इथे थांबू नका. गोदामात झोपणं आणि ओढ्यातून जाणं या दोन गोष्टी एकत्र घडल्या आहेत. गोदामातले जे 11 जण ठीक राहिले, त्यांना विचारा: तुम्ही ओढ्यातून गेलात की ट्रकमधून उतरलात? ते ट्रकने आले असतील तर बोट ओढ्याकडे. तेही ओढ्यातून आले असतील तर पायाच्या जखमा, नाहीतर गोदामातला कोपरा. पोत्यांच्या थप्पीशेजारी कोण झोपलं आणि दाराजवळ कोण, याचा जमिनीवर नकाशा काढून घ्या.

प्रवाशांमध्ये उंदरांचा विषाणू नेमका अशाच विचारण्यातून पकडला गेल्याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. 2012 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात राहून गेलेल्या 10 जणांना हंटा झाला, तिघे दगावले. लागण झालेले लोक तोवर आपापल्या गावी, काही तर देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते. प्रत्येक दवाखान्याला एकच रुग्ण दिसत होता. कुठे झोपलात हा प्रश्न सगळ्यांना विचारल्यावर दिसलं की दहापैकी नऊ जण करी व्हिलेजमधल्या एकाच बनावटीच्या कापडी खोल्यांत राहिले होते. त्या खोल्यांना ऊब राहावी म्हणून दुहेरी भिंती होत्या आणि मधल्या पोकळीत हरीण-उंदरांनी घरटी केली होती. तशा 91 खोल्या बंद करण्यात आल्या. पोकळ भिंत, फॉल्स सीलिंग, पत्र्याखालचं थर्मोकोल: आपल्या किनाऱ्यावर कॉटेज बांधणाऱ्यांनी एकदा आत डोकावून पाहावं.

जागेवर

जागा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर स्वतः उठून जायचं नाही. जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांमार्फत त्या जिल्ह्याला कळवायचं, यादी आणि नकाशासकट. रुग्ण पालघरला आणि मूळ सोलापूर किंवा पुणे जिल्ह्यात, हा प्रवाशांच्या साथीतला नेहमीचा पेच आहे, आणि सगळ्यात जास्त तपास इथेच खुंटतात. पाठपुरावा लेखी ठेवा.

जागा आपल्याच हद्दीत असेल तर पहिला नियम: कुणीही झाडू मारायचा नाही. दारं-खिडक्या उघडून किमान अर्धा तास हवा खेळू द्या, बाहेर थांबा. आत जाताना एन-95 मास्क, रबरी हातमोजे, गमबूट. लेंड्या, बिळं, कुरतडलेली पोती, भिंतीलगतच्या तेलकट वाटा, मूत सुकल्याचे डाग यांचे फोटो काढा, नकाशावर खुणा करा. बिळाच्या तोंडाशी ताजी माती असेल तर घूस राहती आहे. पाण्याची टाकी उघडी आहे का, गुरांचा गोठा किती अंतरावर, सांडपाणी कुठे जातं, ओढ्याचं पाणी पावसात कुठून कुठे चढतं, हेही पाहा. उंदरावरच लक्ष ठेवून गोठा विसरला तर लेप्टोत फसगत होते.

पिंजरे

हे काम हिवताप विभागातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या प्रशिक्षित माणसांचंच. हौशी लोकांनी हात घालू नये. संध्याकाळी भिंतीलगत, वाटेवर पिंजरे लावायचे, आमिषाला सुक्या बोंबलाचा तुकडा किंवा तेलकट भजी, पहाटे उचलायचे. 50 पिंजरे दोन रात्री लावले तर शंभर पिंजरा-रात्री होतात. त्यात 12 सापडले तर प्रमाण शेकडा 12. जिथे कुणी आजारी पडलं नाही त्या सभागृहातही तितकेच पिंजरे लावा, नाहीतर 12 हा आकडा जास्त की कमी ते कळणार नाही. तपासाआधी विष टाकू नका. झिंक फॉस्फाईडने मेलेले उंदीर बिळात सडतात, पुरावा जातो, आणि त्यांच्यावरचे पिसू-गोचीड दुसरं अंग शोधतात.

पकडलेल्या उंदरात जंतू सापडला म्हणजे मूळ सापडलं, असं समजू नका. मुंबई-कोकण पट्ट्यात लेप्टो बाळगणारा उंदीर कुठल्याही गटारात मिळेल. रुग्णाच्या नमुन्यातला आणि उंदराच्या मूत्रपिंडातला जंतू एकाच प्रकारचा, जनुकीय रचनेत जुळणारा आहे का, हे पाहावं लागतं. ही जुळणी, तारखांची वजाबाकी आणि झोपण्याच्या जागांची तुलना, ही तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात तेव्हाच "मूळ सापडलं" असं लिहायचं. दोनच जुळली तर "बहुधा" लिहायचं. त्यात कमीपणा काहीच नाही.

साफसफाई, आणि ज्यांना अजून ताप आलेला नाही ते

जागा साफ करताना आधी भिजवायचं. लिटरभर पाण्यात साधारण 30 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते द्रावण लेंड्या-घरट्यांवर फवारायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग ओल्या फडक्याने टिपून दुहेरी पिशवीत बांधायचं. बिळं सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने बुजवायची, पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर फळ्यांवर ठेवायची.

त्याच वेळी दिंडीतल्या उरलेल्या 38 जणांना फोन करायचा. साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांना 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन देण्याची पद्धत मुंबईत दर पावसाळ्यात वापरली जाते. इथे तेवढी वेळ निघून गेलेली असते, म्हणून या मंडळींना स्पष्ट सांगायचं: महिनाभरात ताप आला तर घरगुती गोळी घेऊन थांबू नका, डॉक्टरला "मी त्या दिंडीत होतो" हे पहिलं वाक्य सांगा. त्या गोदामात दुसऱ्या गावांच्या दिंड्याही उतरल्या असतील, त्यांनाही हे कळायला हवं. योसेमिटीच्या प्रशासनाने त्या उन्हाळ्यात राहून गेलेल्या सुमारे 2 लाख 70 हजार पाहुण्यांना सूचना पाठवली होती. ते शक्य झालं कारण त्यांच्याकडे पाहुण्यांची नोंद होती.

आपल्याकडे तपास बहुतेक वेळा याच ठिकाणी अडतो. प्रयोगशाळा आहेत, डॉक्टर आहेत, यंत्रणा आहे, पण त्या रात्री तिथे कोण झोपलं होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून दिंडीचालकांना, ठेकेदारांना, चाळमालकांना आणि रिसॉर्टवाल्यांना कळकळीची विनंती: एक वही ठेवा. प्रत्येकाचं नाव, गाव, फोन आणि प्रत्येक रात्री तो कुठे झोपला ते लिहा, आणि मंडळी घरी पोचल्यावरही ती वही निदान दोन महिने जपा, कारण उंदरांपासून येणारे हे आजार तितक्या उशिरापर्यंत उद्भवू शकतात.